"थंडी वाजतेय का बाबा?" "नाय." : स्पायनलखालच्या एका टीयूआरपीची केस

ही केस माझी आहे आणि त्यातली चूकही बऱ्यापैकी माझीच, म्हणून हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. निफाडच्या बाजूचं छोटं खाजगी हॉस्पिटल समजा. मी फ्रीलान्स भूलतज्ज्ञ, म्हणजे सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या, मागच्या सीटवर ड्रग बॉक्स. डिसेंबरचा शेवट, त्या पट्ट्यात गारठा म्हणजे काय ते द्राक्षवाल्यांना विचारा, पारा पाच-सहावर आला की बागेत रात्रभर शेकोट्या पेटतात. बागेतल्या घडांची ही एवढी काळजी, आणि आमच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) त्या सकाळी ज्याला ऊब हवी होती त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

पेशंट ७४ वर्षांचे शेतकरी, वजन ४८ किलो, अंगावर चरबी म्हणाल तर नावाला. प्रोस्टेटची गाठ मोठी, दोन वेळा लघवी तुंबलेली, कॅथेटर घालूनच आलेले. बीपीची एक गोळी, बाकी काही नाही. हिमोग्लोबिन १२.१, सोडियम १३८, ईसीजी वयाच्या मानाने बरा. प्लॅन साधा, स्पायनल (पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करणं) देऊन टीयूआरपी, म्हणजे लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून प्रोस्टेटचे तुकडे काढायचे, आम्ही त्यांना चिप्स म्हणतो. हे करताना मूत्राशयात सतत पाणी सोडावं लागतं नाहीतर रक्तात काही दिसत नाही, आणि जुन्या मोनोपोलर मशीनवर ते पाणी म्हणजे ग्लायसीनचं दीड टक्क्याचं द्रावण, तीन लिटरच्या पिशव्यांमधून.

आता सकाळचा क्रम बघा, कारण केस खरी तिथेच बिघडली. बाबा पहाटे पाचला आंघोळ करून निघाले, साडेसहाला पोचले, रात्री दहापासून उपाशी. साडेसातला सिस्टरने स्वेटर, धोतर, कानटोपी सगळं उतरवून ओटीचा पाठमोकळा गाऊन दिला. पहिली केस पित्ताशयाची होती ती लांबली, आणि बाबा पावणेदहापर्यंत ओटीबाहेरच्या स्टीलच्या बाकावर बसून. दोन तासांपेक्षा जास्त! मी दोनदा त्यांच्यासमोरून गेलो, एकदा तर "बसा बाबा, होतंय आता" असंही म्हणालो. तापमान कुणी घेतलं नाही. प्री-ऑपच्या कागदावर नाडी, बीपी, ऑक्सिजन, शुगर आणि टेम्परेचरच्या रकान्यात 'एफेब्राइल', म्हणजे ताप नाही. बरोबरच आहे की, ताप नव्हताच.

ओटीत एसी १८ वर कारण पहिल्या केसचे सर्जन घामाने वैतागलेले. बसवून पाठीला बीटाडीन, मग स्पिरिट, दोन्ही गारेगार आणि वाळताना अजून उष्णता नेणारे. बधिर करणारं हेवी बुपिव्हाकेन २.४ एमएल, लेव्हल टी-९ पर्यंत, म्हणजे बधिरपणा बेंबीच्या जरा वरपर्यंत, छान. पाय वर बांधले. आधी शिरेतून ५०० एमएल आरएल (रिंगर लॅक्टेट, सलाईनसारखंच द्रव) गेलेलं, पुढे केसभरात अजून एक लिटर, सगळं स्टोअररूममधलं, आणि ती स्टोअररूम उत्तरेकडच्या व्हरांड्यात, तिथलं तापमान १६ च्या आसपास असावं. ग्लायसीनच्या पिशव्या तिथल्याच. बाबा थोडे घाबरलेले म्हणून मिडाझोलाम १ मिलीग्राम दिलं.

आणि मग मी विचारलं, "थंडी वाजतेय का बाबा?" बाबा म्हणाले, "नाय, बेस हाये." वीस मिनिटांनी परत विचारलं, परत "नाय". मी समाधानी. मोबाईलवर पुढच्या गावच्या सर्जनला 'अर्धा तास उशीर' असा मेसेज टाकला.

हा प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारला होता, म्हणजे माणूस बरोबर पण त्याच्या कमरेखालच्या बातम्या मेंदूपर्यंत पोचणं बंद झालेलं. थंडी आपल्याला मुख्यतः कातडीवरून कळते. स्पायनलने निम्म्या शरीराची ती तार कापली की गारव्याचा निरोप येत नाही, आणि मेंदूला वाटतं खालचा भाग मस्त उबदार आहे. त्यामुळे स्पायनल-एपिड्युरलखाली आतलं तापमान घसरत असताना पेशंट चक्क आरामात असतो, काहींना तर उलट बरं वाटतं. त्यात कुडकुडायला स्नायू लागतात, खालच्या अर्ध्या अंगाचे स्नायू ढिले, म्हणजे थरथर सुरू झाली तरी फक्त छाती-हातांत. आणि पायाच्या रक्तवाहिन्या आकसून उष्णता धरून ठेवण्याचा जो पहिला उपाय शरीराकडे असतो तोही स्पायनलने बंद. जनरल भुलेत निदान तीन-चार तासांनी रक्तवाहिन्या आकसतात आणि घसरण थांबते, स्पायनलमध्ये बधिरपणा उतरेपर्यंत ती थांबायला कारणच नाही. त्यात ७४ वय, म्हाताऱ्या शरीराचा थंडीचा अलार्म मुळातच उशिरा वाजतो.

चाळीसाव्या मिनिटाला मॉनिटरवर ऑक्सिजन ८८ दिसलं. दचकलो, पण लाटेचा आकारच धड नव्हता. क्लिप बोटावरून काढून कानाच्या पाळीला लावली, ९७. "बोटं गार पडलीयेत" असं मीच म्हणालो सिस्टरला. हे वाक्य तोंडातून गेलं आणि डोक्यात काही पेटलं नाही, याचा मला अजून राग येतो. प्रोबची अडचण सुटली ना, झालं.

पासष्टाव्या मिनिटाला बाबा उत्तरं हळू द्यायला लागले, जांभया. आता टीयूआरपी करणाऱ्या कुठल्याही माणसाच्या मनात इथे एकच शब्द येतो, टीयूआर सिंड्रोम. ग्लायसीन कापलेल्या शिरांतून रक्तात शिरतं, सोडियम पडतं, पेशंट बरळायला लागतो, पुढे झटके. स्पायनल देण्याचं एक कारणच ते की पेशंट जागा असतो, बिघडला की कळतं. सोडियम पाठवलं, सर्जनला सांगितलं आटपा, लघवीवाटे जादा पाणी काढणारं फ्युरोसेमाइड भरून ठेवलं. ऐंशी मिनिटांनी केस संपली. सात पिशव्या, म्हणजे २१ लिटर.

रिकव्हरीत बाबांची छाती आणि हात गदागदा हलत होते, दात वाजत होते, बीपी १७६/९८, नाडी १०४, आणि ते मुलाला हाक मारत होते की बैल सोडले का रे. ईसीजी थरथरीमुळे वाचता येईना. सोडियम आलं १३२. कमी झालेलं, पण एवढ्यावर माणूस बैल शोधत नाही. शुगर १२४. मग कुठे मी कपाळाला हात लावला, म्हणजे दोन्ही अर्थांनी.

"टेम्परेचर घ्या हो." सिस्टरने पाऱ्याचं थर्मामीटर काखेत लावलं, पाच मिनिटांनी म्हणाल्या, "सर, पारा चढतच नाहीये, खराब आहे वाटतं." दुसरं आणलं, तेही 'खराब'. तापाचं थर्मामीटर सुरूच ९४-९५ फॅरनहाइटला होतं, त्याच्याखाली त्याला दिसत नाही! ताप शोधायला बनवलेलं यंत्र, त्याला गारठा कसा कळणार. शेवटी शेजारच्या ओटीतल्या मॉनिटरचा तापमानाचा प्रोब आणून, जेली लावून, नाकातून हळूच मागे सरकवला. मूत्राशयातलं तापमान एरवी चांगलं असतं पण इथे तिथून नुकतंच २१ लिटर गार पाणी गेलेलं, त्यामुळे ते बाद, गुदमार्ग अगदी शेजारी म्हणून तोही बाद. आकडा आला ३४.१ सेल्सिअस. ३६ च्या खाली गेलं की हायपोथर्मिया म्हणायचं, आम्ही जवळपास दोन डिग्री अजून खाली होतो.

पुढची दहा मिनिटं गोंधळाची. मावशी चांगल्या मनाने सलाईनच्या दोन बाटल्या गिझरखाली तापवून घेऊन आल्या आणि बाबांच्या मांड्यांमध्ये ठेवायला निघाल्या. मी जवळजवळ ओरडलोच. पाय बधिर, माणूस गोंधळलेला, कातडी कागदासारखी, गरम बाटली चिकटून राहिली तर तिथे भाजेल आणि त्याला संध्याकाळपर्यंत कळणारही नाही. अमेरिकेत भूल देतानाच्या नुकसानीच्या दाव्यांची छाननी झाली होती, त्यात ऊब देण्याच्या साधनांनी भाजलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त या बाटल्या-पिशव्यांनी भाजलेले निघाले. तरी आपल्याकडे अजून प्रत्येक दुसऱ्या ओटीत हा प्रकार आहे, मी स्वतः शिकत असताना ठेवलेल्या आहेत, खोटं कशाला बोलू.

गरम हवेचं मशीन होतं हॉस्पिटलमध्ये! कपाटात. पण त्याचं कागदी ब्लँकेट संपलेलं. टेक्निशियन म्हणाला सर पाइप डायरेक्ट चादरीखाली सोडू का. नको. ब्लँकेट असतं म्हणून ती गरम हवा शेकडो बारीक भोकांतून पसरते, नुसता पाइप म्हणजे एकाच जागी हेअर ड्रायर धरल्यासारखं, त्यानेही लोक भाजलेत, मशीनवरच तशी वॉर्निंग लिहिलेली असते. ओळखीच्या हॉस्पिटलला फोन केला, ड्रायव्हर ब्लँकेट आणायला गेला.

तोवर जे हातात होतं ते केलं. आधी ओली चादर काढली, टीयूआरपीत पेशंटच्या पाठीखाली तळं झालेलं असतं आणि तसाच त्याला ट्रॉलीवर सरकवतात, ओल्या कापडातून उष्णता भसाभस जाते. अंग पुसलं, कोरडी चादर, त्यावर दोन ब्लँकेटं. (एका पातळ थरानेच कातडीतून जाणारी उष्णता साधारण ३० टक्के कमी होते, कारण खरं काम त्या खाली अडकलेल्या हवेचं असतं, तिसरी-चौथी रजई टाकून त्या प्रमाणात फायदा वाढत नाही.) मुलाकडून बाबांची कानटोपी मागवून घातली. एसी बंद. ऑक्सिजन लावला कारण कुडकुडताना शरीर ऑक्सिजन दुप्पट-तिप्पट सुद्धा खातं आणि ७४ वर्षांच्या हृदयाला ते परवडत नाही. थरथर थांबवायला ट्रॅमाडॉल २५ मिलीग्राम हळू. पेथिडीन यासाठी जास्त छान, पण नार्कोटिकच्या परवान्याच्या भानगडीमुळे छोट्या गावात ते असतंच असं नाही. एक लक्षात ठेवा, औषधाने थरथर थांबते, थंडी नाही. थरथर हीच शरीराची शेगडी आहे, ती विझवायची तर बाहेरून ऊब द्यायलाच हवी.

आणि हे सगळं चालू असताना माझं लक्ष गेलं कॅथेटरकडे. त्यातून सलाईनचं इरिगेशन, म्हणजे मूत्राशय धुणं, धो धो चालू, तीन लिटरची पिशवी, त्याच व्हरांड्यातली, १६ डिग्रीची. म्हणजे वरून पांघरूण घालतोय आणि आतून बर्फाळ पाणी सोडतोय. ती बदलून कोमट लावली.

१२:४० ला ब्लँकेट आलं. सव्वाला ३४.९, अडीचला ३५.६, चारला ३६.३. साडेतीनच्या सुमारास बाबांनी विचारलं की चहा मिळंल का. बैलांचा विषय परत निघाला नाही. माझी पुढच्या गावची केस अर्थातच दुसऱ्याने केली.

लघवी मात्र लाल राहिली. संध्याकाळी दोनदा गुठळ्या धुवून काढाव्या लागल्या, हिमोग्लोबिन ९.८, एक पिशवी रक्त दिलं (तेही फ्रिजमधून ४ डिग्रीचं येतं, ते वॉर्मरमधून दिलं). तीन दिवसांत घरी जायचे ते पाचव्या दिवशी गेले. हे सगळं थंडीमुळेच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, मोठी गाठ होती, रक्त जाणारच. पण गार रक्तात प्लेटलेट नीट चिकटत नाहीत आणि गोठण्याची एन्झाइमं मंदावतात हे खरं आहे. गंमत म्हणजे लॅबमध्ये पीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) नॉर्मल येतो, कारण लॅब रक्ताचा नमुना ३७ ला तापवून मग तपासते. नमुना उबदार, पेशंट गार.

आता हिशेब. १ लिटर रूम टेम्परेचरचं सलाईन शरीराला साधारण पाव डिग्री खाली आणतं असं पुस्तकात असतं, पण ते ७० किलोच्या माणसाचं, २० डिग्रीच्या सलाईनने. बाबा ४८ किलो. शरीराची उष्णता धरायची क्षमता किलोला ०.८३ किलोकॅलरी, म्हणजे त्यांना एक डिग्री गार करायला फक्त ४० किलोकॅलरी पुरतात. दीड लिटर आरएल १६ वरून ३७ ला आणायला गेल्या ३१. आणि ग्लायसीन, ते मूत्राशयात क्षणभरच थांबतं, समजा प्रत्येक लिटर फक्त ३ डिग्री तापून बाहेर पडलं, तरी २१ गुणिले ३ म्हणजे ६३. नुसत्या पाण्यानेच जवळपास अडीच डिग्रीची तरतूद झाली. शरीर उष्णता तयारही करतं, कातडीतून घालवतंही, हिशेब ढोबळ आहे, पण एसीला शिव्या देण्यात अर्थ कमी होता एवढं त्यातून मला कळलं. एसी होताच, पण खरा चोर पिशवीत होता.

याच्या जोडीला तो बाकावरचा वेळ. भूल दिली की रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पोटा-छातीतली उष्णता हातापायांकडे वाहून जाते. जनरल भुलेत पहिल्या तासाला आतलं तापमान साधारण दीड डिग्री पडतं आणि त्यातला ८० टक्क्यांच्या आसपास वाटा या सरकण्याचा असतो, बाहेर गेलेल्या उष्णतेचा नाही. अमेरिकेतले भूलतज्ज्ञ डॅनियल सेस्लर आणि मंडळींनी १९९५ ला हे मोजून दाखवलं. स्पायनलमध्ये हे मुख्यतः पायांपुरतं होतं पण होतंच. याचा अर्थ पाय आधीच उबदार असतील तर आतून सरकायला जागा कमी. म्हणून ऊब भुलेच्या आधी द्यायची. एकदा सरकून गेलेली उष्णता वरून पांघरून परत आत आणायला तास लागतात, ते त्या दुपारी बघितलंच. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या सूचना २००८ पासून आहेत, २०१६ ला सुधारल्या, त्यात आधी किमान अर्धा तास ऊब द्या, ५०० एमएलपेक्षा जास्त द्रव जाणार असेल तर ३७ ला तापवा, इरिगेशन ३८ ते ४० ला, पेशंट उघडा असताना ओटी किमान २१, दर अर्ध्या तासाला तापमान, हे सगळं लिहिलंय. आम्ही यातलं एकही केलं नव्हतं.

एवढा आटापिटा गरजेचा का, असं एका मित्राने विचारलं, आणि प्रश्न रास्त आहे. १९९६ च्या अभ्यासात मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० पेशंटमध्ये गार राहिलेल्यांत जखमेचं इन्फेक्शन १९ टक्के आणि उबदारांत ६ टक्के निघालं, त्यावर आमची पिढी वाढली. पण २०२२ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रोटेक्ट नावाचा पाच हजारांवर पेशंटचा अभ्यास आला, त्यात ३७ ला ठेवलेले आणि ३५.५ ला ठेवलेले यांच्यात हृदयाचा त्रास, इन्फेक्शन, कशातच फरक दिसला नाही. माझं मत असं की ३६.१ की ३६.८ यावर वाद घालू नये, पण ३४.१ हा त्या वादातला आकडाच नाही. प्रोटेक्टमधल्या 'गार' गटालाही सतत मोजून ३५.५ च्या आसपास धरून ठेवलं होतं. आम्ही मोजतच नव्हतो.

नंतर काय बदललं ते सांगतो, त्यात फार खर्च नाही. लॅबमध्ये जुना इन्क्युबेटर पडून होता, थर्मोस्टॅट चालू होता, तो ३९ ला सेट करून आदल्या संध्याकाळीच त्यात ग्लायसीन आणि सलाईनच्या पिशव्या ठेवतात, कारण तीन लिटरची पिशवी आतपर्यंत तापायला काही तास जातात, सकाळी सातला ठेवून आठला बाहेरून कोमट लागते पण आत गारच असते. मायक्रोवेव्ह बंद, त्यात एका कोपऱ्यात उकळतं आणि दुसरीकडे गार राहतं. सर्जन आधी कुरकुरले की कोमट पाण्याने रक्त जास्त येईल, दिसणार नाही. कोमट आणि गार पाण्याची तुलना करणाऱ्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही, आणि पाचेक केसेसनंतर त्यांनीही तो विषय सोडला, उलट पायावर सांडणारं पाणी आता गार नसतं म्हणून खूश आहेत. कमी आकडे दाखवणारं डिजिटल थर्मामीटर आणलं, जिभेखाली धरायचं, जाग्या पेशंटला नाकात नळी नको. ३६ च्या खाली असेल तर इमर्जन्सी सोडून ओटीत घ्यायचं नाही. पेशंटला नंबर आल्यावरच गाऊन, तोवर त्याचा स्वेटर त्याच्या अंगावर. कानटोपीवरून थोडं भांडण झालं, इन्फेक्शन कंट्रोलच्या नावाने, शेवटी डोक्याला कॉटनचा रोल गुंडाळून वर कॅप असं ठरलं. पाय वर बांधलेले असल्याने गरम हवेचं ब्लँकेट छाती-हातांवर घालायचं, आणि आधीचा अर्धा तास पलंगावरच तेच मशीन पायांवर.

पंधरा दिवसांनी बाबा कॅथेटर निघाल्यावर दाखवायला आले, मी योगायोगाने तिथेच होतो. मी विचारलं, बाबा त्या दिवशी टेबलावर खरंच थंडी वाजत नव्हती का हो? म्हणाले, "पायाचं काय कळंना डॉक्टरसाहेब, पर कान आन् नाक लई गार पडलं व्हतं. तुमी घाईत व्हता, म्हनलं कशाला त्रास द्या."

आता अडलंय ते दोन गोष्टींवर. एक, गरम हवेच्या मशीनचं ते कागदी ब्लँकेट एकदाच वापरायचं असतं आणि इथे चार-चार जणांना वापरतात, मी सुद्धा डोळेझाक करतो, फक्त रक्त लागलेलं फेकायला लावतो. दुसरं, रात्रीचं वॉर्डमधलं इरिगेशन. लॅब नऊला बंद होते, इन्क्युबेटर आत, किल्ली लॅबवाल्याच्या खिशात, आणि पहाटे तीनला पिशवी संपली की सिस्टर व्हरांड्यातली लावते. गेल्या आठवड्यात किल्लीची डुप्लिकेट करून वॉर्डच्या खिळ्याला टांगलीय, पण परवा फोन केला तर रात्रपाळीच्या सिस्टरला ती कसली किल्ली हेच माहीत नव्हतं.